पाणी अजून सुटलं नाही

दोन वर्षं आमच्या घरात एक वाक्य औषधासारखं चाललं होतं. "बसा, पाणी अजून सुटलं न्हाय." नवरा फाटकाकडे निघाला की मी एवढंच म्हणायची. तो थांबायचा, ओट्यावर बसायचा, पायातल्या चपला काढून शेजारी नीट लावायचा आणि कालव्याच्या दिशेला कान देऊन वाट बघत राहायचा. तेवढ्यात माझा स्वयंपाक व्हायचा, गुरांचं व्हायचं, बागेत एक फेरी व्हायची.

इंदापूर तालुक्यातल्या कळसला आमची शेती आहे. सगळं रान कालव्याच्या पाण्यावर होतं तेव्हाची गोष्ट वेगळी. कालव्याचा पाटकरी पाणी सोडायचा, आपली पाळी आली की फावडं घेऊन रानात उभं राहायचं. एक सरी भरली की मातीनं तिचं तोंड बुजवायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. नजर हलली की बांध फुटतो आणि पाणी ओढ्याला जातं. नवऱ्यानं जन्मभर हे केलं. आता सगळीकडे ठिबक आहे, मी कॉक फिरवते आणि घरी येते. पण त्याच्या डोक्यातून मुलाचं नाव गेलं, माझं गेलं, जेवलो की नाही हेही गेलं, दारं धरणं तेवढं राहिलं. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, गोळ्यांनी फार तर चाल मंदावेल.

मुलगा पुण्यात असतो. त्यानं अशी माणसं सांभाळणारी एक जागा बघून ठेवली होती. मी त्याला म्हटलं, माझं ऐकून बसतोय तोवर माणूस घरातच राहील. माझं म्हणजे त्या एका वाक्याचं.

नवरात्र संपल्यावर माळेगावहून नणंद आली, ती बेत ठरवूनच.

"वैनी, दादाला अष्टविनायक घडवायचा. मोरगावातनं सुरू करायचा अन् मोरगावातच संपवायचा. मधी सोडायचा न्हाय."

"वन्सं, द्राक्षाची छाटणी तोंडावर आलीय."

"छाटणी दर साली येती. भाऊ माझा एकच हाय."

"डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही."

"मग देवाला इचारायला काय जातंय? का देवाकडं बी चिठ्ठी लागती?"

त्या दिवसांत मला कुणी म्हशीपुढं पोथी वाच म्हटलं असतं, तर मी म्हैस सोडायला उठले असते. मजुरांना काम लावून दिलं, गाडी ठरवली.

लेण्याद्रीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सकाळी नणंदेनं त्याला नवा सदरा, पायजमा, टोपी घातली. देवापुढं मळकं नको म्हणून. त्याच्या रोजच्या सदऱ्यांना आतून मी माझा फोन नंबर शिवला होता, नव्याला शिवलेला नव्हता. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी नणंदेनं सगळ्यांना चपला गाडीत काढायला लावल्या. अनवाणी चढायचं तिनं बोलून ठेवलं होतं. पण तिचे गुडघे पहिल्या वळणालाच बसले आणि ती डोलीत चढली. नवरा माझ्या पुढं होता. शेतातले पाय, दम लागला तो मला.

वर सगळे गणपतीला जातात, पण ती जागा मुळात भिक्खूंची. खडकात कोरलेला एक प्रचंड दिवाणखाना, मध्ये एक खांब नाही, तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या. मागच्या भिंतीत गणपती. पहारेकरी सांगत होता की हा विहार आहे, इथं साधू राहायचे, देव नंतर आला. नणंद म्हणाली, "कवा का आला आसंना, आला न्हवं?" आणि रांगेत घुसली.

आत गर्दी, अंधार, घंटा. नवरा बिथरला. मोठमोठ्यानं ओरडायला लागला, एका बाईच्या हातातलं ताट उडालं. मी त्याला धरून बाहेर ओसरीत आणला आणि दगडावर बसवला.

"बसा. पाणी अजून सुटलं न्हाय."

तो बसला. हात पायाकडे गेले, चपला काढून लावायला. चपला नव्हत्या. तो पायांकडे बघत राहिला. आतून नणंदेची हाक आली, "वैनी, तीर्थ घ्या पटकन, त्याच्या डोळ्याला लावायचंय." मी आत गेले. ओंजळीत तीर्थ घेऊन बाहेर आले तर दगड मोकळा.

पहिल्यांदा मी कठड्यावरून खाली बघितलं. ते आधी बघायचं, मग बाकीचं. खाली झाडी होती, हलत काही नव्हतं. मग डोलीवाल्याला गाठलं.

"पांढरा सदरा, टोपी घातलेला माणूस बघितला का? उंच आहे."

"ताई, समदेच टोपीवाले हायेत हितं. येगळी खूण सांगा."

"पायात चपला नाहीत."

"देवाला आल्यावर कुणाच्या असत्यात?"

नणंद बाहेर आली आणि तिनं गळा काढला. देवानं माझ्या भावाला बोलावून घेतलं म्हणून माणसं गोळा केली. मी म्हटलं, "वन्सं, रडायचं तर पायऱ्यांच्या तोंडाशी बसून रडा. उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघा. दादा दिसला की धरा, सोडू नका." ती रडतच गेली, पण बसली.

मी विहारातल्या खोल्या बघायला सुरुवात केली. एकेक खोली म्हणजे एक माणूस, दगडाचा एक ओटा आणि एक दार. दारातून वाकून आत बघायचं, डोळे सरावेपर्यंत थांबायचं. वटवाघळांचा वास. एका खोलीत जोडपं डबा खात बसलं होतं. बाकी रिकाम्या. मी "अहो" म्हणून हाक मारली तर गर्दीतले पाच-सात जण वळले. सगळ्यांच्या बायका तशीच हाक मारतात. त्यांतला माझा एकही नव्हता.

शेजारी चैत्य आहे. तिथं कुणीच नव्हतं, देव नाही म्हणून माणसं फिरकत नाहीत. दोन्ही बाजूंना खांब, त्यांवर कोरलेले प्राणी, शेवटी गोल स्तूप. मी स्तूपाच्या मागं जाऊन आले. मग तिथं उभं राहून त्याचं नाव घेऊन ओरडले. लग्नाला तीस वर्षं होत आली, उखाणा सोडला तर मी कधी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. नाव दगडावर आपटून माझ्याकडेच परत आलं. मी पुन्हा ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. मग लक्षात आलं की त्याला ते नाव आता माहीतच नाही. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन बोंबलले असते तरी तेवढाच उपयोग होता.

मी खांबाला टेकले. आतापर्यंत तो खाली पडला असेल, किंवा कुठल्या तरी बसमध्ये चढला असेल आणि सदऱ्यात नंबर नाही. दोन्हींतलं कुठलं परवडलं हे मी खरंच विचारात घेत होते. तेव्हा ओरडणं थांबल्यामुळं बाहेरचा आवाज ऐकू आला. पाणी गळत होतं.

त्या साधूंनी डोंगरात पाण्याची टाकी कोरून ठेवलीत. लेण्यांच्या रांगेत पुढं गेलं की पायवाट अरुंद होते, मग काटेरी फांद्या टाकून बंद केलेली. फांद्या बाजूला सरकवलेल्या होत्या. पलीकडे एक भरलेलं टाकं, त्यातून खडकात कोरलेली एक चर आणि चरीच्या टोकाशी कडा. नवरा तिथं उकिडवा बसला होता. नव्या पायजम्याचा चिखल झालेला. चिखल आणि गवत थापून तो चरीचं तोंड बुजवत होता. पाठ दरीकडे, टाचा कड्याच्या काठावर.

मी एक पाऊल टाकलं.

"थांबा तितंच! दारं फुटंल."

बोलता बोलता तो मागं सरकला. मी उभी राहिले. आवाज घरातल्यासारखाच काढला.

"बसा. पाणी अजून सुटलं न्हाय."

त्यानं मनगटांवरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसला.

"खुळ्या का काय, बाई? मग हे काय हाय?"

पुन्हा त्यानं हात चिखलात घातले. पाणी बांधाच्या कडेनं निसटत होतं आणि ते आवरायला तो आणखी मागं जाणार होता. दुसरं वाक्य मी कधी तयार ठेवलं नव्हतं. म्हणण्यासारखं आता एकच उरलं होतं, पण ते कळलं तर तो पुन्हा कशाची वाट बघत बसणार, म्हणून ते म्हणायचं नाही हे दोन वर्षं मी कटाक्षानं पाळलं होतं.

"पाळी संपली," मी म्हटलं. "पाटकऱ्यानं पाणी खाली फिरवलं."

"कुणाच्या हुकमानं?"

"तुमच्याच. तुमीच म्हनला, रान भिजलं."

त्यानं सभोवार बघितलं. खडक काळाभोर ओला होता. "भिजलं, व्हय," तो म्हणाला. हात धुतले, टोपी झटकली आणि शेतातून घरी निघावं तसा माझ्या दिशेनं आला. मी मनगट धरलं ते गाडीपर्यंत सोडलं नाही. परतताना पुन्हा त्या खोल्या लागल्या. पावसाळ्यात भिक्खू इथंच बसून राहायचे, असं पहारेकरी कुणाला तरी सांगत होता. त्यांना काय सांगून बसवायचे, ते त्यानं सांगितलं नाही.

नणंदेनं आम्हाला घेऊनच उरलेले गणपती केले, मोरगावला येऊन यात्रा पुरी केली. मी विरोध केला नाही. माणूस जिवंत मिळाला हा तिला देवाचा कौल वाटला. मला भांडायची ताकद नव्हती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकाकडे निघाला. मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हटलं, "बसा, पाणी अजून सुटलं न्हाय."

तो थांबला. मी भाकरी उलटली.

"संपली की पाळी," तो म्हणाला. "तुमीच सांगितलं न्हवं?"

माझं नाव त्याच्या लक्षात नव्हतं. मुलाचं नव्हतं. हे मात्र राहिलं होतं. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं म्हटलं, कालवा सुटणार आहे म्हटलं, नवी पाळी लागलीय म्हटलं. त्यानं कडी काढली. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळाले आणि त्याला रस्त्यावर गाठलं. शेजारच्या दोघांनी धरून आत आणला, तेव्हा तो रडत होता.

फाटकाला कुलूप लावलं. आतून तो फाटक हलवत राहिला. भाकरी जळल्याचा वास अंगणापर्यंत आला होता. मी फोन घेतला आणि मुलाला विचारलं, ती जागा अजून आहे का.