वहिनीची जीभ

माझ्या वहिनीच्या जिभेला सगळी गल्ली टरकून असे आणि त्याच जिभेवर आमची बेकरी चालत असे. भट्टी पेटवायच्या आधी ती खमिराच्या बरणीचं झाकण काढायची, करंगळीच्या टोकावर थोडंसं घेऊन जिभेला लावायची आणि क्षणभर डोळे मिटायची. मग हुकूम सुटायचा, "आज पाणी कमी. मीठ जरा जास्त. आणि तुम्ही दोघं माझ्या पायात पायात करू नका." दोघं म्हणजे दादा, माझा भाऊ, जो गाडीतून पाव पोचवतो, आणि मी, जी पुढे दुकान सांभाळते.

ते खमीर, म्हणजे पाव फुगवणारं आंबवण, आमच्या आईनं लावलेलं. रोज थोडं वापरायचं, तेवढंच पीठ-पाणी पुन्हा घालायचं, असं करत ते तीस-बत्तीस वर्षं जगलं होतं. जाण्याआधी आईनं बरणी दिली ती सुनेला, लेकीला नाही. "तुला चहा कुठला आणि काढा कुठला ते कळत नाही," असं कारणही सांगितलं. खोटं नव्हतं, पण असं तोंडावर सांगतात का? मी वर्षभर बरणीकडे बघितलंसुद्धा नाही.

पंचवीस वर्षं पीठ नाकातोंडात गेल्यावर वहिनीची छाती कुरकुरायला लागली. छातीच्या डॉक्टरांनी पंप दिला, सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि मग तोंड धुवायचं. धाप थांबली. वहिनी औषधाच्या बाबतीत शाळकरी मुलीसारखी आज्ञाधारक. घड्याळ लावून पंप ओढायची, ओढला की नळाखाली साबण लावून खसाखसा तोंड धुवायची, वेळ वहीत लिहायची. मी थट्टा केली की म्हणायची, "तुझ्यासारखं अर्धवट करायची सवय नाही मला."

तीन महिन्यांनी जिभेवर पांढरा थर आला. खरवडला की निघायचा, खालची जीभ लाल व्हायची आणि दोन दिवसांनी तो पुन्हा हजर. पोटही फुगायचं, पण त्यात नवल नव्हतं. दिवसाला आठ कप गोड चहा आणि जेवण म्हणून भट्टीतून काढलेला वाफाळता पाव, तोही उभ्या उभ्या. मग एका सकाळी तिनं खमीर जिभेला लावलं, डोळे मिटले, ते उघडेचनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही लागत नाही गं," ती म्हणाली. आणि मला कधीही हात लावू न दिलेली बरणी तिनं माझ्यापुढे सरकवली. "तू सांग."

"आंबट आहे."

"किती आंबट?"

"आंबट म्हणजे आंबट! त्याला काय मोजपट्टी लावू?"

ती हसली नाही. त्या दिवसापासून मीठ-पाण्याचा अंदाज आणि मळणं माझ्याकडे आलं.

अशा वेळी दुकानात आली पथ्यमावशी. हे नाव मी ठेवलेलं. बाई मनानं सोन्यासारखी, पण समोरच्याला सुखानं घास गिळू देणार नाही. आमच्याकडे ती पाव घ्यायला यायची नाही, कोणाकोणाला पाव सोडायला लावता येईल ते बघायला यायची. वहिनीची जीभ बघून ती म्हणाली, "हा कॅन्डिडा. आत बुरशी माजलीय. यीस्टच की ती एक प्रकारची! साखर खाऊन पोसते." मग पाठपोट लिहिलेली यादी दिली. साखर बंद, मैदा बंद, पाव तर बंदच बंद. सकाळी कच्ची लसूण, दुपारी घरचं दही, मधे खोबरेल तेलाचा चमचा, आलं, काकडी, पालेभाज्या, आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा.

मी मनात म्हटलं, आता बेकरीवालीनं पाव सोडायचा, हे छान. पण यादीतलं सगळंच काही थोतांड नव्हतं, आणि तिथेच आमची पंचाईत झाली. वहिनी खुर्चीवर बसून जेवायला लागली. गोड चहा सुटला, दही सुरू झालं, आणि पंधरा दिवसांत पोट फुगायचं थांबलं. "बघ!" ती म्हणाली. मला बघावं लागलं.

जीभ मात्र पांढरीच. मग तिनं ठरवलं की पथ्य कमी पडतंय. फळं सोडली, बटाटा सोडला, भात सोडला. कपडे अंगावर लोंबायला लागले. दादा बिचारा तिच्यासमोर जेवायला लाजायचा, गाडीत बसून खायचा. रागानं माझं डोकं फिरायचं, आणि खरं सांगते, तो राग म्हणजे नुसती भीती होती. मला ती तशी बघवत नव्हती.

एका गुरुवारी पीठ चाळता चाळता ती शांतपणे म्हणाली, "मला कळलंय सगळं. बरणीत आहे तेच माझ्या जिभेवर आहे. तेच पांढरं, तेच आंबट. पंचवीस वर्षं रोज मीच चाटत आले. शनिवारी बरणी ओतून देते."

"आईचं खमीर?"

"मग काय मी मरू?"

पथ्यमावशीनं यीस्ट म्हटलं आणि बेकरीवालीला जगात एकच यीस्ट ठाऊक. नुसतं खमीर जाणार असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण ती बरणी गेली की हिचा जीवच जाणार, हे तिला सोडून दादाला आणि मला दिसत होतं. बाजारचं यीस्ट आणून पाव फुगेल, पण ही कशासाठी उठेल?

शुक्रवारी मी बरणी पळवली. सरळ चोरी. माझ्या कपाटात शालींच्या मागे ठेवली, आणि मला कुठली अक्कल, झाकण घट्ट लावून ठेवली. शनिवारी सकाळी झाकण उडून खमीर माझ्या एकुलत्या एका लोकरी शालीवर चढलं होतं. उरलेलं वाटीत भरत असतानाच वहिनी दारात.

"दे इकडे."

"देते. आधी डॉक्टरकडे चल. ते म्हणाले ओत, तर मी स्वतः ओतते."

छातीच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली. ही बुरशीच आहे, पावातल्या खमिराची नव्हे, दुसरीच, म्हणाले. पंपाच्या औषधाचा थर तोंडात राहिला की ती धरते. मग त्यांनी विचारलं, "पंप घेतल्यावर तोंड धुता ना?"

"दर वेळी," वहिनी ताठ बसून म्हणाली. "साबण लावून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "साबण? तोंडात?"

"तोंडात कशाला? तोंडाला!" असं म्हणून तिनं दोन्ही हात गालांवरून फिरवून दाखवले.

मी कपाळाला हात लावला. सकाळी उठून तोंड धुतो ते वेगळं आणि बाहेरून आल्यावर तोंड धुतो ते वेगळं, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक, म्हणून कोणी फोड करून सांगत नाही. डॉक्टर कसनुसे होऊन म्हणाले, "माझंच चुकलं. चूळ भरा म्हणायला हवं होतं. खळखळून, घशापर्यंत, आणि थुंकून टाकायचं."

त्यांनी जिभेवर सोडायचे थेंब दिले. पथ्याची यादी चष्मा लावून वाचली. साखर कमी, दही, बसून सावकाश जेवण, हे पोटाला मानवलंय तर ठेवा म्हणाले. पण भात, फळं, पाव सगळं सोडून वाळायचं कारण नाही. जिभेचं दुखणं उपासानं जाणार नाही, आणि खमीर ओतूनही नाही. बाहेर आल्यावर वहिनी पायरीवर बसली आणि हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. मी शेजारी बसून राहिले.

तीन आठवड्यांनी एका सकाळी, दुकान उघडताना, तिनं पाव कापला, निवू दिला आणि खुर्चीवर बसून तुकडा तोंडात टाकला. चावत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"मीठ कुणी घातलं?"

"मी."

"रोज एवढंच घालतेस?"

"चार महिने."

"अगं बाई, लोकांना हे खाऊ घातलंस? अळणी?" तिला लागलं! तिला चव लागली! मी शिव्या खायला आनंदानं उभी राहिले.

पण तेवढ्यात शाळेचे शिपाईकाका पिशवी घेऊन आले. ते रोजचं पहिलं गिऱ्हाईक. वहिनीनं त्यांनाच धरलं. "काका, चार महिने अळणी पाव नेताय, एका शब्दानं बोलला नाहीत?"

काकांनी पिशवीचे बंद चाचपले. "कळत होतं हो," ते म्हणाले. "सगळ्यांनाच कळत होतं. पण तुम्ही अशा वाळत चालला होतात. म्हटलं, मिठाचं काय, ते घरी वरून लावून घेता येतं."

वहिनीनं कापलेला पाव बाजूला सारला. मला तर समोरचं दिसेनासं झालं. चार महिने लोक पाव नेत होते आणि मी समजत होते की माझा हात बसला.

मग ती म्हणाली, "आजचाही तसाच आहे, काका. उद्या या. उद्या मी मळते."

"उद्या येतोच," काका म्हणाले आणि पिशवी पुढे केली. "पण आजचाही द्या."