शिमग्यातला दुसरा गाल

या, बसा. मारीन चहा ठेवतेय. पण त्याआधी एक विनंती. माझी तब्येत कशी आहे, हे असं हळू आवाजात विचारू नका. चेहरेही जरा सरळ करा. मी मरत नाही. निदान मला तरी तसं कोणी अजून सांगितलेलं नाही. या खोताच्या वाडीत मी जी माती खाल्ली ती एकदा ऐकून घ्या, म्हणजे कोणी गोड बोललं की मी का दचकतो ते तुम्हाला कळेल.

मी बस्त्याव, माझगावच्या गोदीत सुतार. रंधा सरळ मारतो, पण जीभ जन्मात कधी सरळ चालली नाही. शिव्या देण्यात गिरगावात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ही बढाई नव्हे, सगळी वाडी सांगेल. गोदीतले खलाशीसुद्धा कधीकधी काम थांबवून ऐकत उभे राहायचे. वर हातही सैल. एका रविवारी चर्चच्या पायरीवर दूधवाल्याला दुधातल्या पाण्यावरून एक ठेवून दिली, आणि मागे वळून बघतो तर काय? पाद्री उभे!

मग काय होणार? कुमसाराला, म्हणजे पापं सांगायला, गुडघे टेकले तेव्हा पाद्रींनी बाकी पापं ऐकलीसुद्धा नाहीत. म्हणाले, हा उपासकाळ येतोय, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत. तेवढ्या दिवसांत उलट शब्द नाही आणि उलट हात नाही. कोणी एका गालावर मारली तर दुसरा पुढे करायचा. जमेल?

मी म्हटलं, न जमायला काय झालं.

आणि खरंच जमलं हो. दूधवाल्याला कुठून तरी सुगावा लागला, त्याने पाण्यात दूध घालायला सुरुवात केली. मी हसून लोटा आत नेला. गोदीत मिस्त्रीने सगळ्यांसमोर गाढव म्हटलं. मी मान डोलावली. मारीनने तर लग्नापासून साठवलेलं सगळं त्या दिवसांत बोलून घेतलं. मी इतका नम्र झालो की त्या नम्रतेचाच मला माज चढला. आरशात बघितलं की वाटायचं, डोक्यामागे थोडा उजेड दिसतोय.

अशात शिमगा आला.

आता तुम्ही म्हणाल, शिमगा हिंदूंचा, त्यात बस्त्यावचं काय काम? तर आमच्या समोरच्या घरात धोंडू राहतो. मालवणकडचा, ताडदेवच्या गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात कामाला. आम्ही दोघं एकाच अंगणात रांगलो. तो आमच्या घरचं शिजलेलं खात नाही, पण माझ्या दारातल्या बाकड्यावर बसून विडी ओढायला त्याची जात कधी आडवी आली नाही. रोज संध्याकाळी गिरणीतून आला की आधी बाकडं, मग घर. मला सख्खा भाऊ नाही, आणि असता तरी तो मला धोंडूपेक्षा जवळचा वाटला नसता.

तर होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडू अंगणात उभा राहून तोंडावर उलटा हात मारायचा, बोंब ठोकायचा आणि माझा उद्धार सुरू करायचा. मी व्हरांड्यातून त्याचा करायचो. आमचे बापही असेच उभे राहायचे. सगळी वाडी ऐकायला जमायची. घसे बसले की दोघं बाकड्यावर बसायचे आणि पार्वतीवहिनी, म्हणजे धोंडूची बायको, मला पुरणपोळी आणून द्यायची.

धोंडूच्या लेखी हा खेळ नव्हता बरं का. त्याची ठाम समजूत होती की शिमग्याला आपल्या माणसाने दिलेली शिवी वर्षाची इडापिडा घेऊन जाते. शिवी जितकी घाण, तितकी पीडा लांब. म्हणून माझ्या तोंडावर त्याचा मोठा भरवसा होता.

त्या थंडीत धोंडू खोकायला लागला होता. गिरणीत कापसाचे तंतू उडतात, सगळेच खोकतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. वैद्याचा अडुळसा घेऊनही खोकला हटेना. धोंडू मनातून घाबरला होता, पण बोलला कोणालाच नाही. तो शिमग्याची वाट बघत होता. माझी वाट बघत होता, असंच म्हणा ना.

आणि मी त्या सकाळी काय केलं असेल? अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, हातात जपमाळ घेतली आणि व्हरांड्यात संतासारखा उभा राहिलो.

धोंडूने बोंब मारली. मध्येच खोकला, छाती धरली, पुन्हा उभा राहिला. म्हणाला, "अरे बस्त्या, तुझो आजो रंधो मारूक बसलो नि सोताचाच नाक तासून घेतल्यान."

ही फक्त सुरुवात. पुढचं सांगण्यासारखं नाही, मारीन आत आहे. सगळी वाडी माझ्याकडे बघतेय. आता बस्त्याव तोंड उघडणार म्हणून लोकांनी पोरींना आत पाठवलंय. आणि मी जपमाळेचा एक मणी सरकवला आणि गोड आवाजात म्हणालो, "धोंडू, देव तुझं भलं करो."

धोंडूला वाटलं मी ऐकलं नाही. त्याने माझ्या बापापासून पुन्हा सुरुवात केली. मी हसतोच आहे. शेवटी तो पायऱ्या चढून वर आला आणि झोपलेल्याला जागं करावं तशी एक थप्पड त्याने माझ्या गालावर मारली. मी दुसरा गाल पुढे केला.

त्याचा हात खाली आला. चेहरा पांढरा पडला. अगदी हळू विचारलं त्याने, "वैद्यान तुका काय सांगल्यान?"

तो काय विचारतोय ते मला कळलं नाही, आणि उलट शब्द नाही, असं ठरलेलं. म्हणून मी नुसता हसलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"समाजलंय," तो म्हणाला. "मेल्या माणसाक कोण गाळी घालत नाय."

आणि खाली मान घालून तो घरात गेला. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझी सहनशीलता बघून त्याला पाझर फुटला. मी मारीनला म्हटलंसुद्धा, बघ, एका गालाने काय काम केलं. देवाने तेव्हाच मला उचलायला हवं होतं.

संध्याकाळी बाकडं रिकामं राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. इकडे वाडीत कुजबुज सुरू झाली. वैद्य आणि मी आदल्या दिवशी नळापाशी बोलत उभे होतो, ते कोणी तरी पाहिलं होतं. आम्ही बोललो वैद्याच्या पाटाच्या मोडक्या पायाबद्दल. पण लोकांनी दोन आणि दोन जोडले. बस्त्यावने धोंडूला शिवी दिली नाही, त्याअर्थी धोंडूचं आटोपलं.

मग वाडीला दयेचा पूर आला. कोणी मुगाचं कढण आणलं, कोणी गंगेच्या पाण्याचा लोटा आणून उशाशी ठेवला. जो शेजारी त्याच्याशी ओसरीच्या वळचणीवरून भांडत होता, तो येऊन वळचण तुझीच म्हणून गेला. गिरणीतल्या मुकादमाने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला आणि वर निरोप पाठवला की आराम कर, घाई नाही. गावाहून भाऊ बोटीने आला, तो धक्क्यापासून रडतच. या सगळ्याने धडधाकट माणूस आडवा होईल, धोंडू तर आधीच खोकत होता. त्याने अंथरूण धरलं.

मला खरा प्रकार कळला तेव्हा हातातला रंधा तिथेच टाकला. तसाच धावलो. दारात वहिनी होती. मी अजून नवसाने बांधलेला, त्यामुळे मऊ आवाजात म्हणालो, "वहिनी, धोंडूला सांगा, माझ्या मनात काही नाही. आजवर जे बोललो ते सगळं विसर म्हणावं."

वहिनीने पदर तोंडाशी नेला आणि हुंदका दिला. बरोबरच आहे. असं कोणाला सांगतात हो? जो उद्या उठून गिरणीत जाणार आहे त्याला?

मी जितकं समजावत गेलो तितका धोंडू खचत गेला. मी म्हटलं तू बरा होशील, त्याने डोळे पुसले. मी म्हटलं वैद्य काही बोलला नाही, त्याने माझा हात थोपटला. म्हणाला, तुका खोटा बोलूक येणा नाय, बस्त्या. जन्मभर ज्या माणसाला मी नाही नाही ते बोललो, त्याला एक खरं वाक्य मला पटवून देता येत नव्हतं. त्या दिवसांत मी गोदीत लाकडावर रंधा ठेवून तसाच उभा राहत असे. हा माझ्या हातून मरणार, याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी पाद्रींकडे गेलो. म्हटलं, फादर, फक्त एका शिवीची परवानगी द्या. लहानशी देतो. पाद्री वसईकडचे, शिमगा त्यांनी लांबूनच पाहिलेला. म्हणाले, शिवीने कोणी बरं होत नाही, मी स्वतः येऊन तुझ्या मित्राला समजावतो.

माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही. तुम्हीच सांगा, आमच्या वाडीत आडवारी पाद्री लांब झगा घालून, हातात पुस्तक घेऊन गल्लीत शिरले की लोक काय समजतात? कोणाच्या तरी घरी मरणाऱ्याला शेवटचं तेल लावायला निघाले. बायका दारात येऊन क्रूस करायला लागल्या. हिंदूंनीही हात जोडले. आणि पाद्री वळले ते थेट धोंडूच्या दारात. वहिनीने जो हंबरडा फोडला तो चर्नी रोडपर्यंत गेला असेल. भाऊ धोंडूच्या पायावर पडला. धोंडूने पाद्रींना पाहिलं, मला पाहिलं आणि शांतपणे डोळे मिटले.

तिथे माझं सगळं सुटलं. उपासकाळ गेला, संत गेला. मी उंबरठ्यावर उभा राहून ओरडलो, "अरे धोंड्या, कामचोर, मरायचं सोंग घेऊन बायकोला राबवतोस? ऊठ!" आणि तिथून पुढे जे निघालं ते बापरे. त्याच्या आज्यापासून सुरुवात केली, बापावर आलो, मग त्याच्यावर, मग त्याच्या पुढच्या सात पिढ्यांवर. मला रडू येत होतं आणि शिव्याही येत होत्या, दोन्ही एकदमच. पाद्रींच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. माझा आवाज बसला तेव्हा कुठे मी थांबलो.

धोंडूने एक डोळा उघडला.

"आजयेक इसारलंस," तो म्हणाला.

मग मी फाटक्या आवाजात त्याच्या आजीचंही केलं. धोंडू कोपरावर उठून बसला, पेज मागितली, प्यायला आणि मला उत्तर द्यायला लागला. पाद्री कानांवर हात ठेवून निघून गेले. ईस्टरच्या आधीच धोंडू मुकादमाशी भांडून आपल्या जागेवर उभा राहिला. खोकला राहिला, पण भीती गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला हसत सांगितली असती.

पाद्रींनी धोंडूला गल्लीत गाठून सांगितलं की बस्त्यावने तुझ्यापायी केवढा नवस मोडला आणि डोक्यावर केवढं पाप घेतलं. पुढच्या उपासकाळात त्याला तोच नवस पुन्हा पाळायचा आहे. बिचारा धोंडू. वर्षभर त्याने ते मनाला लावून घेतलं आणि मला एका अक्षराने कळू दिलं नाही.

परवा शिमगा झाला. या वेळी मी ठरवलं होतं, नवस गेला खड्ड्यात. वर्षभर रंधा मारता मारता नव्या शिव्या जमवल्या होत्या. धोंडू बाहेर येण्याआधीच मी अंगणात उभा राहून बोंब ठोकली आणि सुरू झालो. असा रंगलो होतो की लोक वाहवा करायला लागले.

धोंडू बाहेर आला. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा, कपाळाला गंध. हात जोडून उभा. हसतोय.

मी म्हटलं, "बोल की रे."

"नाय," तो म्हणाला. "तुझ्या देवाचे दिवस. मी बोललंय तर तुझा पाप वाढतला. तू घाल गाळी, मी ऐकतंय." आणि त्याने गाल पुढे केला.

मी एक मागितली. एकच. आज्याच्या नाकाची जुनी असली तरी चालेल म्हटलं. तो माझ्याकडे प्रेमाने बघत म्हणाला, "देव तुझा भला करो, बस्त्या."

सूड म्हणून केलं असतं तर मी सोसलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मागच्या वर्षी त्या पायरीवर त्याला काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं. थप्पड परवडली. आणि सगळी वाडी आळीपाळीने एकदा धोंडूकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी पार्वतीवहिनी पेजेचं भांडं घेऊन आली. म्हणाली, भावोजी, गरम आहे तोवर घ्या, आणि कसली काळजी करू नका. मी ती पेज मुकाट्याने प्यायलो.

आणि सकाळी उठलो तो खोकतच.