दोन खोल्यांमधले मेसेज

जयपूरच्या मानसरोवर भागात माझं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली कचोरीचं दुकान. दुकानदार जिन्याकडे बोट दाखवून लोकांना सांगतो, "फोन छुड़ाने वाली मैडम ऊपर बैठती हैं." जणू मी वर दारू सोडवते. मी फोन कुणाचाच सोडवत नाही. त्याच्याशी जरा शहाण्यासारखं कसं राहायचं ते लोकांशी बोलून ठरवते, एवढंच. मलाही ते धड जमत नाही. दोन अपॉइंटमेंटच्या मधे मी बाथरूममध्ये जाते, ती दर वेळी हात धुवायला जात नाही.

एका हिवाळ्यात माझ्याकडे एक मराठी जोडपं आलं. दोघंही अमरावतीकडचे. बदल्यांमागून बदल्या करत जयपूरला पोचले आणि इथेच राहिले. काका विमा अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, काकू शाळेत गणित शिकवून. अपॉइंटमेंट त्यांच्या मुलीनं घेतली होती. ती दिवाळीला बंगळूरहून आली तेव्हा तिला दिसलं की बाबा हॉलमध्ये, आई बेडरूममध्ये, आणि दोघं एकमेकांना मेसेज करताहेत. मधे फक्त एक उघडं दार. मुलगी हादरली. "मॅडम, ते घरात बोलतच नाहीत," ती फोनवर जवळजवळ रडत म्हणाली.

पहिल्या दिवशी दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. मधेच काकांनी मांडीवरच्या फोनवर एका बोटानं काहीतरी लिहिलं. काकूंच्या पर्समध्ये टुंग झालं. त्यांनी वाचलं, ओठ दाबले आणि पुन्हा माझ्याकडे गंभीरपणे बघू लागल्या. मागच्या बाकावर चिठ्ठ्या फिरवणाऱ्या पोरी असंच बघतात. माझी खात्री झाली की चिठ्ठी माझ्यावरच आहे, आणि मी जरा जास्तच कडक झाले.

"रोज संध्याकाळी सहा ते नऊ दोघांचेही फोन कपाटात," मी फर्मान काढलं. "समोरासमोर बसून बोलायचं."

"विषय?" काकांनी विचारलं. ते वहीत लिहून घेत होते.

"कुठलाही."

तो शब्द मी तेव्हाच गिळायला हवा होता.

पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा काकू बसल्यासुद्धा नाहीत. "बाप्पा, मॅडम! आमचं बरं चाललं होतं ना हो. काहून लावलं हे?"

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या संध्याकाळी दोघं नऊ वाजेपर्यंत भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. दुसऱ्या संध्याकाळी कढी आंबट झाली की नाही यावर वाजलं. तिसऱ्या संध्याकाळी विषय निघाला बदलीचा. कित्येक वर्षांपूर्वी काकांनी घरी न विचारता जयपूरची बदली स्वीकारली आणि काकूंना आधीच्या गावातल्या शाळेची कायमची नोकरी सोडावी लागली.

"त्यावर आम्ही तेव्हा भांडलोच नव्हतो," काकू म्हणाल्या. "सामान बांधायचं होतं. ते भांडण आता झालं. चार दिवस चाललं. हे जेवायला समोरच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसले."

"तिथं गट्टे की सब्जी होती," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका दणदणीत होता की खालचा दुकानदार वर बघत असणार. "आणि मी ओरडत नाही, मॅडम. माझा आवाजच असा आहे. तीस वर्षं ऑफिस सांभाळलं या आवाजावर."

"नाही तं काय! ऑफिसच सांभाळलं."

मला पुस्तकातला एकही उपाय आठवेना. वेळ काढायला म्हणून मी विचारलं, "तुम्ही एकमेकांना लिहिता तरी काय?"

काका लाल झाले. काकूंनी मात्र फोन काढला, चष्मा नाकावर सरकवला आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचलं. "'ऊन फार आहे. भाजी मी आणतो. तुमचा गुडघा.' 'चहा घ्याल का, मॅडम? आज मी करतो.' 'सकाळी आवाज चढला. चूक माझी.'" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि हा त्या दिवशी तुमच्यासमोर केलेला. 'खिडकीतून वारा येतोय. जागा बदलायची का?'"

म्हणजे चिठ्ठी माझ्यावर नव्हतीच. माझी मान खाली गेली.

"तोंडानं यांनी 'चूक' हा शब्द जन्मात काढला नाही," काकू म्हणाल्या. "फोनवर मला अहो-जाहो करतात. तोंडी फक्त 'ए, चहा.' आणि तुम्ही नेमका फोनच कपाटात टाकलात."

मी दोघांची माफी मागितली. क्लायंटची माफी मागायची माझी ती पहिलीच वेळ, आणि त्यासाठी घसा चांगलाच खाकरावा लागला. मग मी म्हटलं, फर्मान रद्द. मेसेज लिहायचे, रोजच्यासारखे. फक्त पाठवून झाला की उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि तोच मोठ्यानं म्हणायचा.

"आत्ता करून बघू या," मी म्हणाले.

काकांनी पुष्कळ वेळ लावून काहीतरी लिहिलं. उभे राहिले. फोन डोळ्यांसमोर धरला आणि सर्क्युलर वाचून दाखवावं तशी सुरुवात केली. "बदलीच्या वेळी..." आवाज खोलीभर घुमला. ते थांबले. मग एकदम हळू, भिंतीकडे बघत म्हणाले, "बदलीच्या वेळी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"ऐकू नाही आलं," काकू म्हणाल्या.

"मॅडम, ही मुद्दाम करतेय!"

"हो, मुद्दाम. पुन्हा म्हणा."

काकांनी पुन्हा म्हटलं. या वेळी फोन खाली होता. काकू पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या आणि बराच वेळ शोधत राहिल्या. मला त्या क्षणी माझा फोन उघडून तोंड लपवावंसं फार वाटत होतं, पण तो टेबलाच्या खणात होता.

पुढे ते चार-पाचदा आले. भांडणं थांबली नाहीत. काकूंच्या मते त्यांचा दर्जा सुधारला. काका दुपारभर रील्स बघायचे, तेही कमी झालं, कारण काकूंनी बदलीच्या आधीच्या सगळ्या गोष्टी क्रमानं काढायला घेतल्या आणि काकांना वेळच मिळेना. मग दोघांनीच सांगितलं की आता यायची गरज नाही.

काही महिन्यांनी दोघं मला भाजीच्या ठेल्यापाशी दिसले. काका मटारवरून भैयाला सुनावत होते आणि अर्धी गल्ली ऐकत होती. दोन पावलांवर उभ्या असलेल्या काकूंनी शांतपणे फोन काढून काहीतरी लिहिलं. काकांच्या खिशात टुंग झालं. त्यांनी वाचलं, घसा साफ केला आणि भैयाला सौम्यपणे म्हणाले, "अच्छा भैया, आधा किलो दे दीजिए."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. शाळकरी पोरासारखा त्यांनी फोन पाठीमागे नेला.

"मॅडम, एवढं चालतं ना?"

"चालतं," मी म्हणाले, आणि मटार निवडायला लागले.