आत्याची दुसरी उत्तरं

"आई गेली गं. पर काय तरास न्हाय झाला बघ. दुपारी पडल्या पडल्याच..." कळंबहून संपतदादाचा फोन आला तेव्हा मी बारामतीत घरी एकटीच होते. मी फक्त "बरं" म्हणाले. तोंडावर बोलणं मला लहानपणापासून जमत नाही. पुढं कळंबला पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला आलेल्या प्रत्येकाला दादा तेच वाक्य ऐकवत होता आणि मी ताटं उचलत होते. त्रास झाला होता. आठ महिने झाला होता.

सखूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, संपतदादाची आई. मी इंग्रजी शाळेत जायला लागल्यापासून ती मला मडम म्हणायची. "मडम, वांग्याला काय म्हंता तुमी?" मी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या बुटक्या काळ्या शेळीचं नाव ब्रिंजल झालं. हाक मारली की शेळी यायची आणि आत्या माझ्याकडे बघून म्हणायची, "हिला कळतं बग इंग्रजी."

गेल्या वर्षी पुण्याहून काही डॉक्टर गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांची पाहणी करायला आले. संकटातून माणूस किती सावरतो हे मोजायचं आणि त्याचा तब्येतीशी काय संबंध आहे ते पाहायचं. प्रश्न इंग्रजीत होते, ते मराठीत विचारायला मला घेतलं. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. आत्याच्या ओसरीवर एकच लोखंडी खुर्ची होती, ती दादाची. हात छातीशी धरून तिच्यावरून पाच वेळा उठायचं होतं. दादानं खुर्ची सोडली आणि शेजारी उभा राहून हसत मोजायला लागला. "हो पास, आये." पाचव्या वेळेला आत्याचे ओठ काळसर पडले होते. मी ते पाहिलं आणि 'पूर्ण केले' असं लिहिलं. मग प्रश्न. अडचणीतून लवकर सावरता का? "सावरते की." गरज पडली तर मदत मागता का? "मागते. पोरगा हाय माजा." पोरगा समोर उभा असताना कोणती आई दुसरं सांगेल? त्याला बाहेर जायला सांगणं माझं काम होतं. तसं म्हणायची मला लाज वाटली.

गावात सगळ्यात जास्त गुण आत्याला पडले. डॉक्टरांनी शाल दिली, फोटो काढला. त्यानंतर तिचे पाय सुजायला लागले, चार पावलांत धाप लागायला लागली. दादा म्हणायचा, "आये, तू तर पयली आलीयास. तुला काय हुतंय?" दारात त्याची जीप होती. ती आठवड्यातून दोनदा बारामतीला यायची, आमच्या घरावरून.

एका सकाळी दादा घरी नसताना आत्या गोठ्यामागं भिंतीला टेकून बसली होती. ब्रिंजल तिच्या पायाशी. "मडम, तुजा कागद काड," ती म्हणाली. "आता खरं लिव." पिशवीत एक कोरा फॉर्म होता. मी तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि ती बोलेल तसं लिहून घेतलं. डॉक्टरांकडे कागद पाठवला, तर आता आकडे बदलता येणार नाहीत म्हणून तो परत आला. मी बाबांना दाखवला. बाबांनी दादाला गाठलं. दादा शांतपणे म्हणाला, "मामा, तुमच्याच पोरीनं मार्क दिल्यात की." बाबा कागद घेऊन परत आले. आम्ही तिला स्वतः गाडी करून बारामतीच्या दवाखान्यात आणायला हवं होतं. आम्ही दादाच्या रागाला भ्यालो... ते माझ्या नावावर राहील. पण बाकीचं त्याच्या नावावर आहे, आणि ते कुणाला माहीत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यानं शालीतला तो फोटो हार घालून लोखंडी खुर्चीवर ठेवला होता. जिवंतपणी आत्या त्या खुर्चीवर एकदाच बसली, उठून दाखवायला. आता फोटो भिंतीवर गेला असेल आणि दादा परत खुर्चीत. रविवारची ही पुरवणी तो तिथंच बसून वाचतो, आधी स्वतः न चाळता, मोठ्यानं, ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. म्हणून कागदावरची दोन उत्तरं आत्याच्या शब्दांत इथं देते.

अडचणीतून लवकर सावरता का? "सावराय आदी बसाय मिळाया पायजे."

गरज पडली तर मदत मागता का? "तीनदा मागितली. संपत म्हनला, जीपमदी जागा न्हाय."