हँडल उलटं फिरवलं तेव्हा

मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून बी.एस्सी. करून मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात परफ्यूजन शिकायला लागलो. शस्त्रक्रियेत हृदय थांबवतात, तेवढा वेळ शरीरात रक्त फिरवणारं मशीन चालवायचं, हे ते काम. नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत मी 'हार्टच्या लाइनीत आहे' एवढंच सांगे. त्यावरून शेजारच्या काकूंनी मला बीपी तपासायला बोलावलं आणि मी ऐटीत गेलोही.

वडील ओझरच्या कारखान्यात फिटर. त्यांनी एकच विचारलं, "वीज गेली तर?"

"हाताने फिरवायचं हँडल असतं."

"मग ते आधी शिक."

फिटरला यातलं काय कळणार, असं मला वाटलं.

शिकवायला एक मॅडम होत्या, मोजकं बोलणाऱ्या. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्यांनी मशीनमध्ये रक्ताऐवजी पाणी भरलं, पेशंटच्या जागी बादली ठेवली आणि मला सरावाला उभं केलं. पाच मिनिटांनी त्यांनीच पंप बंद केला.

"वीज गेली."

मी वर पाहिलं. "मॅडम, दिवे तर चालू आहेत."

त्यांनी मशीनच्या बाजूला टांगलेल्या हँडलकडे बोट दाखवलं. मग मला उमगलं. घाईघाईने हँडल बसवून मी जोरात फिरवू लागलो. स्वतःचं कौतुकही वाटू लागलं होतं. पण बादलीतलं पाणी वाढायचं सोडून कमी होत चाललं. मी उलटं फिरवत होतो.

"पेशंट गेला," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बाहेर त्याची बायको बसलीय. तिला काय सांगाल?"



"चूक माझी होती, असं सांगेन," मी समोरच्या बादलीकडे बघत म्हणालो.

"उद्यापासून रोज अर्धा तास फिरवायचं."

महिनाभर फिरवलं. दंड सुजला. घरी क्रिकेटवर ढकललं.

पहिल्या खऱ्या केसला मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. सर्जन म्हणाले, "पंप सुरू." मिळालेली सूचना परत म्हणून दाखवायची असते. मी ती शाळेत हजेरी द्यावी तशी ओरडून म्हटली. सगळ्यांनी वळून पाहिलं. पुढचे दोन तास मी आकड्यांवरून नजर हलवली नाही. हृदय पुन्हा नीट चालू लागलं, तेव्हा कुठे मी मान वर केली.

बाहेर हात धुताना सर्जननी मॅडमना विचारलं, "नवीन आलाय का हा?"

"चार महिने झाले, सर. रोज तुमच्या मागेच उभा असतो."

"हो का?" ते म्हणाले आणि चहाला गेले.