भित्र्या सोपाननं विचारलं

आमच्या परंदवडीत सोपानइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही. बैलानं नुसती मान हलवली तरी हा बांधापलीकडे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण तुझ्यावरूनच निघाली," असं मी त्याला तोंडावर म्हणायचो आणि तो हसायचा. बाहत्तर साली आम्ही दोघं लोणावळ्याला कॉलेजात गेलो, तिथंच वसतिगृहात राहिलो. सोपानच्या खोलीत शिदू होता. कामशेतच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. तिथून कॉलेजात आलेला हा पहिलाच.

युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत शिदू नापास झाला आणि हळूहळू मुका होत गेला. ताटातली भाकरी तशीच राहायला लागली. मग एक दिवस त्यानं आपलं चांगलं घोंगडं एकाला देऊन टाकलं, कंदील दुसऱ्याला. "मला काय करायचाय आता?" म्हणाला. आणि घेणाऱ्या गाढवांनी घेतलंसुद्धा!

कळत सगळ्यांना होतं, पण बोलणार कोण? तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घ्यायचं नाही, लांबडं म्हणायचं, नाव घेतलं की ते येतं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तेच शहाणपण पोरांनी इथं लावलं. "शिदूचं ते जरा बघा रं," एवढंच कुजबुजायचे. ते म्हणजे काय, हे कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. वरच्या वर्गातल्या भिकाजीनं तर दमच भरला, "त्याच्याम्होरं इषय काढाल तर त्याच्या डोस्क्यात भराल. खबरदार!"

एका दुपारी बाहेर धुकं दाटलेलं. सोपान खोलीवर आला, तर शिदू अनवाणीच बाहेर निघालेला.

"कुटं चाललास?"

"कड्याकडं. फिरून येतो."

विचारावं, तर आपल्याच शब्दानं हा जायचा. न विचारावं, तरी हा जाणारच. दाराच्या दोन्ही बाजूंना हात टेकून सोपान उभा राहिला, कारण पाय लटपटत होते.

"शिदू, तुला मरायचं हाय का?"

शिदूनं मान वर केली. झालं, आपणच याच्या डोक्यात भरलं, असं वाटून सोपानला दरदरून घाम फुटला. मग शिदू तिथंच उंबऱ्यावर बसला.

"व्हय," तो म्हणाला. "लय दिस झालं. कुनी इचारलंच न्हाई."

आणि ढसाढसा रडायला लागला. सोपान त्याच्याशेजारी बसला. "मला लय भ्या वाटतंय रं. मला एकट्याला हे झेपायचं न्हाई. चल, रेक्टर सरांकडं जाऊ."

"वाडीवर काय सांगू?"

"ते मागनं बघू. आदी चल."

रेक्टरांनी गाडी काढली आणि दोघांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेत सोपाननं शिदूचं मनगट सोडलं नाही. डॉक्टरांसमोर बसवलं तरी सोडलं नाही. सोपानचे दात वाजत होते, अंगाला कापरं भरलं होतं. डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कोण?"

"मी," शिदू म्हणाला. "ह्यो माज्यापायी भ्यालाय."