संशोधनासाठी पुन्हा रक्त

"तुम्ही निगेटिव्ह आहात," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा सुधाला, माझ्या बायकोला, जाऊन महिनाही झाला नव्हता.

तिला हेपेटायटिस सी होता. रक्तातून शिरणारा हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतो. आता त्यावर गोळ्या आहेत, पण आम्हाला कळलं तेव्हा वाचवायला यकृतच उरलं नव्हतं. ती गेल्यावर घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, तीही जनजागृती सप्ताहाच्या मांडवात. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात यकृताला हृदय म्हटलं आणि टाळ्या घेतल्या.

आम्ही सगळे निगेटिव्ह निघालो. आयुष्यभर सुधाने सगळं माझ्यासोबत वाटून घेतलं, एवढं एक राखून ठेवलं.

मग एक दिवस बाईंचा फोन आला. तो मुलाने घेतला. मुलगा इथेच जबलपुरात, खमरियाच्या फॅक्टरीत आहे. मराठी त्याला समजते, पण कान हिंदीचे.

"बाबा, तुमच्या रिपोर्टमध्ये संशोधन करून राहिले म्हणे. दुबारा रक्त लागेल."

हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. जन्म जबलपुरात गेलेला, मीही तेच समजलो. निगेटिव्हची दुरुस्ती काय होणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी दाढीचं सामान कपाटात वेगळं ठेवलं. नातीची नखं कापायचं सोडलं. अंधार पडला की वाटायचं, सुधा दाराशी उभी आहे आणि विचारते आहे, तुलाही?

दवाखान्यात माझा चेहरा पाहून बाई म्हणाल्या, "काहून घाबरून राहिले, काका?"

"रिपोर्ट बदलला ना?"

त्या नागपूरच्या. त्यांना उलगडायला वेळ लागला. "अहो, संशोधन म्हणजे रिसर्च, घरात आजार असून निगेटिव्ह राहिलेल्यांवर. चलो, यापुढे तुमच्याशी हिंदीतच बोलते."

मी रक्त दिलं. त्यातल्या पेशींना त्यांनी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे दाखवले. ज्या पेशी ते तुकडे ओळखतात, त्यांच्या जागी ठिपका उमटतो. या तपासणीला एलिस्पॉट म्हणतात. माझ्या रक्ताने ठिपके उमटवले.

"तुमच्या टी सेल, म्हणजे शत्रू लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी, याला ओळखतात," बाई म्हणाल्या. "विषाणू तुमच्यात नाही. कधीतरी थोडासा येऊन गेला असेल. किंवा दुसऱ्याच विषाणूशी त्याचं रूप जुळत असेल. नक्की सांगता येत नाही."

"येऊन गेला असेल तर कधी?"

"ते पेशी नाही सांगत, काका."

तुमच्या घरात हा आजार असेल तर सगळ्यांची तपासणी करून घ्या, आणि निगेटिव्ह आलात तर सुखाने झोपा. अशा ठिपक्यांनी कुणी आजारी पडत नाही, हे बाईंनी मला दोनदा समजावलं. त्यांचे उपकार आहेत.

मी मात्र अजून शोधतो. फुटलेल्या बांगडीने तिचा हात कापला होता, तेव्हा का? नाकातून रक्त यायचं आणि मी फडकं धरायचो, तेव्हा? शेवटी यकृताचं विष डोक्यात चढलं आणि सुधा मला ओळखेनाशी झाली. कोण तुम्ही, असं अदबीने विचारायची. मी नाव सांगायचो, ती मान हलवायची आणि पुन्हा विचारायची.

आमच्या दोघांतली ओळख तिच्या आजारपणाच्या खोलीत संपली असं मी धरून चाललो होतो. तसं नसावं. बाईंनी पुन्हा रक्त मागितलं, तर मी देणार आहे.